रिव्हर्ब युनिटमध्ये स्वतःचा प्रोग्राम टिकवताना

डिजिटल रिव्हर्ब युनिटवर, म्हणजे आवाजाला सभागृहासारखा घुमारा देणाऱ्या उपकरणावर, आपल्या गरजेचा प्रोग्राम, म्हणजे मूल्यांचा संच, तयार करणे फारसे अवघड नाही. तो युनिटच्या मेमरीत टिकवणे मात्र अवघड आहे, आणि नेमका हाच विषय माहितीपुस्तिका दोन ओळींत उरकते. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या हौशी नाट्यमंडळाची ध्वनिव्यवस्था मी पाहतो. संगीत नाटकात गद्य संपते आणि तोच नट त्याच माइकवर पद सुरू करतो. अशा वेळी युनिटमध्ये आधीपासून असलेला ‘लार्ज हॉल’, म्हणजे मोठ्या सभागृहाचा घुमारा देणारा प्रोग्राम, जसाच्या तसा लावला, तर द्रुत तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात आणि शब्द कळेनासे होतात. मंडळाने रॅकमध्ये बसणारे एक जुने युनिट घेतले, तेव्हा त्यातला हॉल आपल्या गायकीला साजेसा करून घेण्याचे मी ठरवले.

ते काम एका तालमीतच झाले. रिव्हर्ब टाइम, म्हणजे घुमारा 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, मी 1.5 सेकंदांवर आणला. प्री-डिले, म्हणजे मूळ आवाजानंतर घुमारा सुरू होईपर्यंतचा अवधी, 35 मिलिसेकंद ठेवला. तेवढ्या अवधीत आवाज हवेतून सुमारे 12 मीटर जातो, आणि या छोट्या फटीमुळे शब्दाचा आरंभ कोरडा व स्पष्ट राहतो. खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर 200 हर्ट्झवर लावल्यामुळे गायकाच्या माइकमध्ये शिरणारा डग्गा आणि ऑर्गनचा खर्ज घुमाऱ्यात फारसा उतरत नाही. ‘हाय रेशो’ 0.5 केल्यावर वरच्या पट्टीतला घुमारा निम्म्या वेळात विरतो आणि ‘स’, ‘श’ यांचा चरचराट मागे रेंगाळत नाही.

खरी अडचण पुढे आली. ‘स्टोअर’ दाबले की पडद्यावर मेमरी संरक्षित असल्याचा संदेश येई आणि काम तिथेच थांबे. हे कुलूप ‘युटिलिटी’ विभागात अगदी आत दडलेले असते आणि ते आधी उघडावे लागते. शिवाय कारखान्यातून आलेल्या प्रोग्रामच्या क्रमांकांवर काहीच लिहिता येत नाही, वापरणाऱ्यासाठी राखलेला क्रमांकच निवडावा लागतो. एवढे सारे केल्यावर प्रोग्राम साठवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी युनिट चालू केले तर त्या जागी निरर्थक आकडे होते. 1976 साली बाजारात आलेल्या ईएमटी 250 या डिजिटल रिव्हर्बवर मोठे दांडे सरकवून मूल्ये ठरवत असत, त्यामुळे नजर टाकताच स्थिती समजे. मेनूच्या युनिटमध्ये सगळे आत असते, म्हणूनच त्याच्या मेमरीवर विश्वास ठेवता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात युनिट दिले. ते फडताळावर पडून राहिले, प्रत्येक फोनला ‘उद्या बघतो’ हेच उत्तर मिळाले, आणि अखेर बोर्ड गेल्याचे सांगून नवे घेण्याचा सल्ला देण्यात आला. बोर्ड शाबूत होता. अशा जुन्या युनिटांत मेमरी जिवंत ठेवण्यासाठी 3 व्होल्टचा लिथियम सेल असतो. वीजपुरवठा तोडल्यावर तोच मेमरीला आधार देतो, आणि वर्षांनी तो उतरला की साठवलेले सारे पुसले जाते. आमच्या ओळखीच्या एका टीव्ही मेकॅनिकने झाकण उघडून मल्टिमीटर लावताच सेलमध्ये 2 व्होल्टही उरले नसल्याचे दिसले. दुकानदाराने एवढी साधी तपासणी करू नये, याचे मला आजही वाईट वाटते.

जुना सेल पत्र्यांसह बोर्डाला डाख दिलेला होता. त्याजागी मेकॅनिकने सेलचा होल्डर बसवला, म्हणजे पुढच्या वेळी डाख लावायला नको. सेलला थेट डाखणी कधीही टेकवू नये, तो फुटू शकतो. सेल बदलल्यानंतर मेमरीत कचराच दिसतो, त्यामुळे पुस्तिकेत दिलेली बटणे दाबून धरून युनिट चालू करावे आणि मेमरी मूळ स्थितीला आणावी. आमचा प्रोग्राम नव्या सेलवर पहिल्यांदा रात्रभर टिकला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

ज्यांचे प्रोग्राम अजून शाबूत आहेत, त्यांनी सेल काढण्यापूर्वीच मिडीवरून, म्हणजे वाद्ये व संगणक यांना जोडणाऱ्या व्यवस्थेवरून, संपूर्ण मेमरी संगणकात उतरवून घ्यावी. हे खरे तर आधी सांगायला हवे होते. काही युनिटांत मिडी ‘आउट’ आणि ‘थ्रू’ यांना एकच सॉकेट असते, तिथला खटका ‘आउट’वर हवा. अगदी स्वस्त यूएसबी केबल लांब संदेश मध्येच तोडतात, म्हणून उतरलेली फाइल एफ0 या आरंभाच्या खुणेने सुरू होऊन एफ7 या शेवटच्या खुणेने संपते का, हे अवश्य पाहावे. त्यासोबत सर्व मूल्ये वहीतही लिहून ठेवावीत.

मिक्सरच्या ऑक्सवरून, म्हणजे आवाजाची प्रत बाहेरच्या उपकरणाकडे पाठवणाऱ्या वाटेवरून, युनिट वापरत असाल, तर त्यातला ‘मिक्स’ 100 टक्के ओला, म्हणजे फक्त घुमाऱ्याचा, ठेवावा, कारण कोरडा आवाज मिक्सरमधून जातच असतो. पदाकडून गद्याकडे येताना प्रोग्राम बदलू नये. आमच्या युनिटमध्ये तसे केल्यास शेवटच्या स्वराचा घुमारा कापल्यासारखा तुटतो. त्याऐवजी गायकाच्या चॅनेलचा ऑक्स सेंड खाली आणावा आणि युनिटमधून मिक्सरमध्ये परत येणाऱ्या आवाजाला, म्हणजे रिटर्नला, हात लावू नये, म्हणजे आधीचा घुमारा आपल्या गतीने विरतो आणि पुढचे संवाद कोरडे ऐकू येतात.