सॅतारा कॅम्प, रात्रीचे दहा

आज दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर नॅशनल पार्कमधला दुसरा दिवस. आम्ही साताऱ्याचे, त्यामुळे बुकिंग करताना सॅतारा नावाचा कॅम्प दिसला तेव्हाच ठरलं की राहायचं तर इथेच. आपल्या साताऱ्याशी तसा संबंध नाही, इथे सांगतात ती गोष्ट अशी की जमीन मोजणाऱ्या साहेबाचा एक भारतीय मदतनीस होता, प्लॉट नंबर सतरा, त्याचं सत्रा आणि त्याचं पुढे सॅतारा. खरंखोटं माहीत नाही पण मला फार आवडली.

साडेचारला सनसेट ड्राइव्हला निघालो. बाकी सगळ्यांना संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत परत यावं लागतं, अंधारात रस्त्यावर फक्त पार्कच्याच गाड्या. उघडा ट्रक, आणि जुलै म्हणजे इकडे हिवाळा, ब्लँकेट घेऊनही कान गारठले. जवळपास २०,००० चौरस किमी जंगल, म्हणजे गोव्याच्या पाचपटीहून जास्त, आणि त्यात आमच्या दिव्यांचे दोन झोत, बास.

एक स्पॉटलाइट माझ्याच हातात होता. गवतात एकदम वीसेक डोळे चमकले, इम्पाला हरणं, मी झोत तिथेच धरून ठेवला तर गाईड लगेच म्हणाला बाजूला घ्या. डोळ्यांवर उजेड पडला की त्यांना थोडा वेळ काहीच दिसत नाही, तेवढ्यात बिबट्याने डाव साधला तर? मला खरंच वाईट वाटलं. त्यानंतर चमकलेले डोळे इम्पालाचे निघाले की मी झोत लगेच काढून घ्यायचे.

एक रातवा रस्त्यातच बसलेला, एक साळिंदर काटे खुळखुळवत पळालं. सिंह दिसला नाही, गाडीतले काहीजण नाराज होते.

मग एका मोरीपाशी गाईडने इंजिन बंद केलं. रस्त्याखालून पाणी जायला असते तसली साधी सिमेंटची मोरी. आधी एक नाक बाहेर आलं, मग दोन गोल कान. तरसाचं पिल्लू! काळंकुट्ट, अंगावर अजून ठिपकेसुद्धा नाहीत, आलं ते थेट आमच्या टायरपाशी आणि हुंगत बसलं, मी वाकले तर मान वर करून बघायला लागलं. मागून दुसरं आलं. मग आई आली, एक कान फाटलेला, पोटाला चिखल, मोरीच्या तोंडाशी आडवी झाली आणि दोघं दूध प्यायला लागली, चुटुचुटु आवाज स्पष्ट येत होता. गाईडने झोत शेजारच्या गवतावर टाकायला लावला, त्याच्या अंधुक उजेडात दिसत होतं तेवढं पुरे होतं.

आमच्याकडे मेंढपाळ तरसाचं नाव घेतात ते शिवी दिल्यासारखं. आपला तरस पट्ट्यापट्ट्यांचा, हा ठिपक्यांचा, जात वेगळी, आणि ह्यांच्या कळपात माद्यांचंच चालतं. वर्षभर, कधी त्याहूनही जास्त पाजतात पिल्लांना. रात्री आई शिकारीला जाते, तोवर ती मोरीत थांबून राहतात, गाईड सांगत होता. माझी लेक चकार शब्द न बोलता ऐकत होती.

आत्ता हे लिहितेय तर कुंपणापलीकडून तरसाचा आवाज आला, खालून वर चढत जाणारा, वूऽऽप. लेक उठून बसली. म्हणाली, "आई, ती दोघं आत्ता मोरीत एकटीच असतील ना गं?"