बाई आधी चुलीपाशी बसल्या

माझं माहेर आणि सासर दोन्ही गोव्यातल्या धारबांदोडा तालुक्यातलं, गावडा समाजातलं. आमच्या समाजाला २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. पण बाळंतपणात इस्पितळात माझ्या सासूबाईंना जे ऐकावं लागलं, ते मी अजून विसरलेले नाही.

मुलगी झाली ऑगस्टमध्ये, धो धो पावसात. तासाभरातच नर्सने तिला माझ्या छातीशी लावलं. नर्सची पाठ वळली तशी आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) पिवळा चीक फडक्यावर पिळून टाकला आणि बाळाच्या ओठांना मधाचं बोट लावलं. त्यांच्या बाळंतपणात त्यांच्या सासूनेही हेच केलं होतं. नर्सने ते पाहिलं आणि भर वॉर्डात ओरडली, "तुम्हा डोंगरातल्या माणसांना कितीदा सांगायचं?" सांगणं बरोबरच होतं. पण आई गप्प झाल्या, आणि घरी आल्यावर मधाची बाटली फक्त माझ्या नजरेआड गेली.

चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली, बोंडांना चिरा पडल्या. जन्माला २ किलो ८०० ग्रॅम असलेलं बाळ २ किलो ६०० वर आलं. शेजारणी म्हणू लागल्या, अंगावर पुरत नाही, पावडरचा डबा आणा. मी रात्रभर रडले.

त्याच दिवशी अंगणवाडीच्या बाई आल्या. माझ्याकडे न येता त्या आधी चुलीपाशी आईंच्या शेजारी बसल्या, वाटीभर पेज घेतली, गाय कधी व्यायली ते विचारलं. गोठ्याच्या गोष्टी निघाल्या तेव्हा आईच म्हणाल्या, "वासराला पहिला चीक मिळाला नाही तर ते धड उभं राहत नाही. खरवस मागाहून." आणि एकदम थांबल्या. बाई हळूच म्हणाल्या, "काकी, दूध अजून पिवळसर आहे. सगळं गेलेलं नाही."

मग बाईंनी आईंनाच विचारलं, तुम्ही मुलाला कसं घ्यायचात, दाखवा. आईंनी मला भिंतीला टेकवून बसवलं, मांडीवर गोधडीची घडी ठेवली. बाईंनी त्यात एकच गोष्ट बदलली: छाती बाळाकडे न्यायची नाही, बाळाला छातीकडे आणायचं. तोंड मोठं उघडलं की लगेच जवळ घ्यायचं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात. दोन-तीनदा चुकलं. मग गिळल्याचा आवाज आला आणि दुखणं कमी झालं. छाती फार कडक झाली तर आधी हाताने थोडं दूध काढायचं, हेही बाईंनीच शिकवलं.

मधावरून भांडण झालं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून सटीला मध देवीपुढे ठेवायचा, बाळाच्या तोंडात नाही, असं ठरलं. सहा महिने पाणीसुद्धा नाही. माझी पेज, आळीव, अंगाचं तेल-पाणी, बाळाचं काळं तीट, कशालाच बाईंनी हात लावला नाही.

दूध पुरतं की नाही ते लंगोट सांगतात, म्हणाल्या. दिवसाला सहा किंवा जास्त ओले झाले की काळजी नको. पावसात कपडे वाळत नसत, म्हणून आई लंगोट चुलीवरच्या दोरीवर टाकायच्या आणि संध्याकाळी बोटांवर मोजायच्या. पहिल्या दिवशी चार, मग सहा, मग आठ. बाराव्या दिवशी वजन पुन्हा २ किलो ८०० भरलं. डबा आणावा लागला नाही. माझ्या मते त्या मोजणीने आईंना जितकी खात्री पटली, तितकी वॉर्डातल्या कुठल्याच तक्त्याने पटली नसती.

मार्चमध्ये काजूची बाग सुरू झाली तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती, नाचणीचं सत्त्व खाऊ लागली होती. दुपारी आई तिला कडेवर घेऊन बागेत येतात. बोंडूची (काजूच्या फळाची) बी पिळून काढताना हाताला बीचा चीक लागतो आणि त्याने कातडी भाजते, म्हणून आई आधी साबण आणि कळशी पुढे करतात. माझे हात धुऊन झाले की मगच बाळ माझ्या हातात देतात.