समुद्र पाचशे मीटरवर, पण खाली

"गाडी आहे ना तुमच्याकडं?"

रत्नागिरीत राहायची जागा शोधताना कोल्हापुरात बसून मी नऊ ठिकाणी फोन केले आणि नऊही ठिकाणी दुसरा प्रश्न हाच. पहिला अर्थातच किती माणसं. नाही म्हटलं की पलीकडं जरा वेळ शांतता, मग "हां, मग रिक्षा मिळतात की, काय अडचण नाही." या "काय अडचण नाही"चा मला आता इतका राग येतो की त्यासाठीच लिहायला बसले आहे.

आमच्याकडं कार नाही. कोल्हापुरात कधी अडलंच नाही, माझी स्कूटर आहे, आईसाठी रिक्षा आहे, केएमटीची सिटी बस आहे, राजारामपुरीतनं अंबाबाईला जाऊन यायला कितीसा वेळ लागतो. त्यामुळं एखाद्या गावात "वर राहता का खाली" यावर सगळी ट्रिप ठरते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त एकच गोष्ट बघितली, समुद्र किती लांब. आईला समुद्र बघायचा होता, म्हणजे लांबनं नाही, रोज संध्याकाळी पाण्यात पाय बुडवून उभं राहायचं होतं. तिचं वय 71, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि ऑपरेशननंतर वर्षभर तिनं एवढं एकच मागितलं होतं.

मोबाईलवरच्या नकाशात एक लॉज दिसला, समुद्र पाचशे मीटर. फोटोत गच्चीवरनं अख्खं निळं पाणी. रात्रीला 1800 रुपये. तीन रात्रींचे पैसे भरून टाकले.

एसटीशिवाय पर्याय नव्हताच, आपली रेल्वे कोल्हापुरात येऊन थांबते, खाली कोकणात उतरतच नाही, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाचं आपण नुसतं ऐकत आलोय. सकाळची गाडी धरली, आम्हा दोघींचंही अर्धं तिकीट. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, रस्त्याच्या कामाची धूळ, मग आंबा घाट. आई झोपली, साखरप्यात उठली. दुपारी रत्नागिरी.

गाडी गावात शिरतानाच खरं तर मला कळायला पाहिजे होतं. हातखंब्याकडनं येणारा रस्ता सड्यावरनं येतो, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, वर मारुती मंदिर, दुकानं, हॉटेलं, ऑफिसं, सगळं सपाट. मग माळनाक्याकडनं खाली खाली येत जयस्तंभ, एसटी स्टँड. जुनं गाव, बाजारपेठ, मांडवी, बंदर हे त्याच्याही खाली. म्हणजे एका गावात दोन गावं आहेत, एक डोक्यावर आणि एक पायाशी. आमचा लॉज डोक्यावरच्या गावात होता, अगदी कड्याच्या टोकाशी, आणि समुद्र खरोखरच पाचशे मीटरवर होता. नकाशा खोटं बोलला नव्हता, फक्त ते पाचशे मीटर खालच्या दिशेनं होते.

खोली चांगली होती हे सांगायला पाहिजे. वारा मस्त, चादरी स्वच्छ. आई गच्चीवर जाऊन आली आणि म्हणाली, "दिसतोय गं. चला आता जाऊया." नोव्हेंबरचा शेवट होता, सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, पाच वाजत आले होते. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, रिक्षानं गेलात तर लांबनं फिरून जावं लागेल, त्यापेक्षा ही पाखाडी आहे ना, दहा मिनिटांत खाली.

पाखाडी हा शब्द मला नवीन होता. जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूला गडगे म्हणजे दगडांच्या बुटक्या भिंती, वर आंबा-फणसाची सावली. बघायला इतकी सुंदर की आई सुद्धा हरखली. पण त्या पायऱ्या चालून चालून झिजलेल्या, एक उंच एक बुटकी, धरायला कठडा नाही, आणि पावसाळ्यातलं वाळलेलं शेवाळ अजून कडेला होतं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आईला शिकवलेलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. त्याप्रमाणं ती डावा पाय खाली टाकायची, माझा खांदा धरायची, मग उजवा आणायची. डावा, खांदा, उजवा. मला आधी वाटलं उतार आहे म्हणजे सोपं, चढच अवघड. तसं नसतं. गुडघ्याला उतरणं जास्त जड जातं, सगळा भार एका पायावर पेलत खाली यायचं असतं. हे मला त्या बाईंनी सांगितलेलं होतं, मी ऐकलंही होतं, पण जागा ठरवताना आठवलं नाही.

मी पायऱ्या मोजत होते. चौसष्टाव्या पायरीवर आई म्हणाली, जरा बसते. आणि गडग्याला टेकून खालीच बसली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. खालनं लाटांचा आवाज येत होता, अगदी स्पष्ट, पण मधे झाडं, दिसत काहीच नव्हतं. उजेड चालला होता. किती उतरलो ते बघितलं, खाली किती उरलंय ते बघितलं, आणि पोटात गोळाच आला, कारण इथं रिक्षा येऊ शकत नाही, कुणाला हाक मारायची तर नाव माहीत नाही, गाव आपलं नाही.

गडग्यापलीकडं एक घर होतं. अंगणात एक बाई तुळशीपुढं दिवा लावत होत्या. तुळशीचं लग्न होऊन काही दिवस झाले असावेत, वृंदावनाला बांधलेला ऊस अजून तसाच होता, वाळलेला. आई त्या अवस्थेतही त्याच्याकडं बघून म्हणाली, "ऊस आपल्याकडचा असणार." त्या बाईंना ऐकू गेलं. त्या हसल्या, तांब्याभांडं घेऊन बाहेर आल्या, गूळही आणला, आणि पायरीवर आईशेजारी बसल्या. उभ्या राहून चौकशी केली नाही, बसल्या, हे मी विसरणार नाही.

"घाई नका करू. कुठून आलात?"

"कोल्हापूर."

"खाली आणखी एवढ्याच पायऱ्या आहेत, मग रस्ता, मग वाळू. उतराल तुम्ही. पण येताना काय कराल?"

येताना काय कराल. नऊ फोनांत एकानंही हा प्रश्न विचारला नव्हता आणि मलाही तो सुचला नव्हता. समुद्रापर्यंत जायचा हिशोब सगळे सांगतात, परत वर यायचा कुणीच सांगत नाही.

आम्ही परत फिरलो. चौसष्ट पायऱ्या वर, एकेक करत. त्या बाई शेवटपर्यंत मागनं बॅटरी धरून आल्या. आईनं त्या दिवशी समुद्र बघितला नाही. खोलीत आल्यावर गुडघ्याला शेक घेत ती म्हणाली, "उद्या बघू, तो कुठं जातोय." ती मला समजावत होती, आणि त्यानंच मला जास्त रडू आलं.

मालकांशी बोलणं झालं ते थोडक्यात सांगते. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं सगळे गाडीनंच येतात. मी फोनवर गाडी नाही असं दोनदा सांगितलं होतं, आईच्या गुडघ्याचंही सांगितलं होतं. उरलेल्या दोन रात्रींतल्या एकीचे पैसे मिळाले, एकीचे गेले. पैशांचं जाऊ दे, पण वयस्कर माणूस सोबत आहे हे कळल्यावर सुद्धा "पाखाडीनं दहा मिनिटं" असं तोंडातनं निघतंच कसं?

पाखाडीवरच्या त्या बाईंनी जाताना त्यांच्या जावेचा नंबर दिला होता, ती खालच्या गावात घरगुती खोल्या देते म्हणून. सकाळी सातलाच फोन लावला. मी अजून गुडघ्यापर्यंत आलेच नव्हते, तोवर त्यांनी विचारलं, "आईंचं वय काय?" सांगितलं. मग ऑपरेशनचं सांगितलं. तर त्या म्हणाल्या, "ताई, मग माझ्याकडे येऊ नका. रस्त्यापासून माझ्या दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. खोली रिकामी आहे, पण त्यांना रोज दोनदा ते करायला लागेल. तुम्ही असं करा, मांडवीकडे माझ्या ओळखीचं एक घर आहे, तळमजला, रिक्षा दारात येते. मी बोलते त्यांच्याशी."

चार दिवस खोली रिकामी ठेवायची तयारी होती त्या बाईची, गिऱ्हाईक फोनवर असताना. मी फोन ठेवून नुसती बसून राहिले. आमच्या घरात पाहुणचाराच्या गप्पा कायम तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या, आग्रह करकरून वाढण्याच्या चालतात. "माझ्याकडे येऊ नका" हा पाहुणचार मला त्या सकाळी पहिल्यांदा मिळाला.

मांडवीची खोली बघायला गेलं तर काहीच नाही. खिडकीतनं समोरच्या घराची भिंत आणि नारळाचं खोड. डास. वारा वरच्यापेक्षा कमी, दुपारी उकडायचं, बंदराकडनं वारा फिरला की मासळीचा वास. फोटो काढून कुठं टाकले तर कुणी लाईक सुद्धा करणार नाही. पण दारातनं समुद्रापर्यंत सपाट रस्ता होता, मधे बसायला एक कट्टा होता, आणि पहिल्याच संध्याकाळी आई माझा हात न धरता गेली. मांडवीची वाळू काळपट आहे, ज्यांना पांढरी वाळू पाहिजे त्यांना आवडणार नाही. आईला रंगाशी देणंघेणं नव्हतं. तिनं चपला हातात घेतल्या, लुगड्याचा काठ वर धरला आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली. सूर्य बुडून गेला तरी उभी. मी हाक मारली नाही.

बाकीचे दिवस असेच गेले. एक दिवस गणपतीपुळे, एसटीनं जाऊन आलो, दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा आईनं केली नाही, गर्दी फार. एक दिवस पावस, स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीशी ती तासभर डोळे मिटून बसली. पावसची गाडी भाट्याच्या पुलावरनं जाते, तिथं सुरूची झाडं आणि लांबलचक सपाट किनारा दिसला तेव्हा वाटलं, बिनगाडीच्या माणसाला इथंही चाललं असतं, पण रात्री पूल ओलांडून गावात जेवायला यायचं तर पुन्हा रिक्षावर सगळं. रत्नदुर्गला रिक्षानं वरपर्यंत गेलो, भगवतीचं दर्शन घेतलं. थिबा पॅलेसलाही गेलो. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत करून पुढं इथं आणून ठेवलं, हा वाडा 1910 च्या सुमाराला बांधून झाला आणि 1916 साली तो इथंच वारला. तिथनं जवळच थिबा पॉइंटवरनं खाडी, पूल, समुद्र सगळं एका नजरेत येतं. लोक तिथं तासन् तास बसतात. आई पाच मिनिटांत उठली. म्हणाली, "वरनं नको. खाली जाऊया."

मला कुणी विचारलं की गाडी नसताना अशा गावात कुठं राहू, तर मी आता वर का खाली एवढंच सांगणार नाही. सोबत कोण आहे ते आधी बघा. मी एकटी असते तर मारुती मंदिराच्या आसपास राहिले असते, वारा आहे, जेवायची सोय आहे, मेन रोडला कायम वाहनं आहेत. पहाटेची एसटी धरायची असती तर स्टँडजवळ राहिले असते, आवाज सोसला असता. पण आईला घेऊन जाताना मी किलोमीटर आणि फोटो विचारत बसले, आणि विचारायचं होतं ते भलतंच होतं, दारात रिक्षा येते का, रात्री आठला परत यायला मिळते का, खोली कितव्या मजल्यावर, वाटेत टेकायला जागा आहे का. हे विचारायला मला एक संध्याकाळ आणि आईचा गुडघा खर्ची घालावा लागला, त्याचं वाईट अजून जात नाही.

निघायच्या दिवशी सकाळी आई आवरत असताना मी एकटीच त्या बेचाळीस पायऱ्यांच्या घरी गेले. मोजल्या, बेचाळीसच होत्या. वर पोचल्यावर अंगण सारवलेलं, सुपारीची बाग, आणि मागच्या पडवीतनं समुद्र असा काही दिसत होता की मी बोलायचंच विसरले. त्यांनी कोकम सरबत दिलं, घावन खायला बसवलं. पैसे घ्या म्हटलं, निदान फोनवर एवढी धडपड केलीत त्याचे, तर रागावल्या. उलट आईंसाठी म्हणून आमसुलाची पिशवी हातात दिली.

एसटीत आईनं ती पिशवी मांडीवरच ठेवली होती. हातखंबा मागं पडल्यावर तिनं विचारलं, "घर कसं होतं गं त्यांचं?"

सांगितलं. पडवीचं सांगितलं, सुपारीचं सांगितलं.

"पायऱ्यांना कठडा आहे?"

"आहे. दोन्ही बाजूंनी."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मग पुढच्या वेळी बघू. व्यायाम वाढवते मी."