चॅनल सोळा मोकळा ठेवा

कोकणातल्या अनेक मच्छीमार बोटींवर व्हीएचएफ संच, म्हणजे बोटींनी आपसांत आणि किनाऱ्याशी बोलायचा रेडिओ, असतो. पण मासळीचा भाव, जाळ्यांची खबर आणि इकडतिकडच्या गप्पा यांसाठीच तो अधिक वापरला जातो. माझे बरेच नातलग हर्णैच्या बोटींवर खलाशी असल्यामुळे हा विषय कळकळीने मांडावासा वाटतो.

किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइलची रेंज जाते. रेंज असली, तरी फोन एकाच माणसाला लागतो. १५६.८ मेगाहर्ट्झवरचा चॅनल सोळा, म्हणजे संकटात मदत मागण्याचा आणि हाक मारण्याचा चॅनल, मात्र टप्प्यात असलेले, तो चॅनल लावून ठेवलेले सगळेच ऐकतात, आणि संकटातल्या बोटीपाशी सर्वांत आधी पोहोचू शकते ती बहुधा शेजारचीच बोट. म्हणूनच या चॅनलवर कोणाला हाक मारली, तरी पुढचे बोलणे लगेच दुसऱ्या चॅनलवर न्यावे. एफएम पद्धतीत दोन संच एकाच वेळी बोलू लागले, तर ऐकणाऱ्याकडे सहसा जोरकस संकेतच उमटतो आणि दुबळा पार दबून जातो. त्यामुळे जवळच्या बोटीवर कपड्यांच्या ढिगाखाली माईकचे बटण नकळत दाबलेले राहिले, तर दूरवरून पाच वॅटच्या हातसंचावर मदत मागणाऱ्याचा आवाज आसपासच्या ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून संच २५ वॅटचा असूनही अँटेना किती उंच आहे यावरच खरा पल्ला ठरतो. दोन्ही बोटींच्या अँटेना पाण्यापासून चार-चार मीटर उंच असतील, तर साधारण नऊ ते दहा सागरी मैल मिळतात. किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याशी याहून बराच लांबून संपर्क होतो. केबिनच्या छतावर अँटेना आडवी बांधून ठेवणे मला अक्षम्य वाटते.

जीव धोक्यात असेल, तर तीनदा ‘मेडे’ म्हणून बोटीचे नाव तीनदा सांगावे, मग पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि नाव. त्यानंतर लगेच जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश एकेक आकडा सुटा उच्चारून सांगावेत, कारण संच मध्येच बंद पडला, तरी शोधणाऱ्याला जागा कळलेली असते. मग काय झाले, कोणती मदत हवी आणि बोटीवर किती माणसे आहेत, हे सांगावे. भाषा मराठी असली तरी चालेल. परदेशी व्यापारी जहाजालाही ‘मेडे’ कळते.

डीएससी, म्हणजे बटण दाबताच डिजिटल संकटसंदेश पाठवण्याची सोय, असलेल्या संचावर झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले, की चॅनल ७० वरून बोटीचा नऊ अंकी ओळख क्रमांक आपोआप जातो. सोबत ठिकाण जायचे असेल, तर संचाला जीपीएस जोडलेले हवे. ही जोडणी बंदरातच तपासून घ्यावी. बटण चुकून दाबले गेले, तर संच बंद करून गप्प बसू नये. चॅनल सोळावर बोटीचे नाव, क्रमांक आणि ठिकाण सांगून इशारा रद्द केल्याचे स्पष्ट कळवावे. नाहीतर तटरक्षक दलाला शोध सुरू करावा लागतो.