काका, दात दाखवा

भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. पॅरालिसिसचा पेशंट आला की चेहऱ्याची तपासणी आम्ही अशी सुरू करतो. मी मिरजेत फिजिओथेरपी करते. सीमाभागातले पेशंट पुष्कळ, त्यामुळे ही चार वाक्यं आता कन्नडमध्येही तोंडपाठ झालीत.

हे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावा हात लुळा आणि डावा गाल उतरलेला. भुवया मात्र दोन्ही सारख्या वर जायच्या. झटक्यात बहुधा असंच होतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. एक बाजू गेली तरी दुसरी निभावून नेते. (बेल्स पाल्सीत कानाजवळच्या हाडातून येणारी चेहऱ्याची शीरच सुजते. तिथे कपाळही जातं आणि डोळा मिटत नाही. 'तोंड वाकडं झालंय' म्हणून दोघंही येतात, आम्ही आधी कपाळ बघतो.) 'दात दाखवा' म्हटलं की काकांचं तोंड उजवीकडे ओढलं जायचं, डावा कोपरा होता तिथेच. चहा त्याच कोपऱ्यातून गळायचा. आरशापुढे बसून बिचारे घामाघूम होईपर्यंत ओठ ताणायचे.

त्या दिवशी मुलगा आला तोच तणतणत.

"मॅडम, तुमच्यापुढे यांना जमत नाही ना? आता घरचं बघा."

त्याने फोन पुढे केला. व्हिडिओत काका कॉटवर बसलेले, शेजारी त्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. कंडक्टरांची गोष्ट ऐन रंगात आलेली: "मी कोंबड्याचं हाफ तिकीट फाडतोय, तर म्हातारी म्हणती, आरं त्याला अजून वरीस बी पुरं न्हाई!" आणि काका हसले. डावा कोपरा उजव्याच्या बरोबरीने वर गेला, नाकाच्या कडेने ओठाकडे येणारी पुसट झालेली घडी डाव्या गालावर लख्ख उमटली, दोन्ही डोळ्यांखाली सुरकुत्या पडल्या. एवढ्यात त्यांची नजर मोबाइलवर गेली. मुलगा म्हणाला, "हां बाबा, असंच राहा, फोटो काढतो." काकांनी हसू धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि डावा कोपरा खाली घसरला.

"बघितलंत? कॅमेरा दिसला की लगेच तोंड वाकडं. नाटकं नुसती!"

व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेलेला होता. आत्याचा निकालही आला होता: दादाला पहिल्यापासून लाड हवे असतात.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघितला. याच्याबद्दल वाचलं होतं, शिकवतानाही सांगितलं होतं. पण हसू एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाताना इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

मुलाला खुर्चीत बसवलं. म्हटलं, आपण ठरवून ओठ हलवतो तेव्हा हुकूम मेंदूच्या वरच्या पट्ट्यातून निघतो, जिथून हातापायांना हुकूम जातात. काकांचा हाच पट्टा गेलाय. आतून येणारं हसू दुसरीकडून निघतं, मेंदूच्या आतल्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून. शेवटची शीर आणि स्नायू तेच, पण तिथवर पोचायची वाट वेगळी. ती वाट काकांची शाबूत आहे. फोटोसाठी हसायला सांगितलंस आणि तू त्यांना बंद पडलेल्या रस्त्यावर आणलंस.

गिलोम द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन काढलेले फोटो छापले होते. गालाचा स्नायू आपण मर्जीने ओढू शकतो, डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदालाच दाद देतो, असं त्याचं म्हणणं. ते पुरतं टिकलेलं नाही, सरावाने किंवा सहजही पुष्कळांना डोळ्यांसकट खोटं हसता येतं. पण हसण्याचे दोन प्रकार वेगळे काढायला हवेत, हे त्याला बरोबर दिसलं होतं.

पार्किन्सनमध्ये याच्या उलट होतं. आजींना 'हसा' म्हटलं की त्या बऱ्यापैकी हसतात, पण नातू मांडीवर येऊन बसला तरी चेहरा हलत नाही, पापण्याही कमी लवतात. मग सून बाहेर येऊन हळूच विचारते, "आमचं काही चुकलंय का हो? सारख्या रागावलेल्या असतात." आजी रागावलेल्या नसतात. मला घरच्यांचाही राग येत नाही. समोरच्याचा चेहरा बघून मन ओळखायची सवय जन्मभराची, आणि एरवी ती साधारण चालूनही जाते. पण दुखण्यातल्या माणसाला 'नाटकी' म्हणणं मला सोसवत नाही. आमच्याकडे हा शब्द फार स्वस्त आहे.

मुलाचा विश्वास बसेना. त्याच्यादेखत काकांना म्हटलं, दात दाखवा. तोंड उजवीकडे. मग मुलालाच म्हटलं, आता तू काहीतरी बोल. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाबा, कोंबड्याला वरीस बी पुरं न्हाई." काका खळखळून हसले, दोन्ही बाजूंनी. मुलगा वाकून त्यांच्या डाव्या गालाकडे बघत राहिला.

पुढचा प्रश्न त्याने रास्त विचारला: मग रोज हसवलं तर व्यायामाची गरज काय? गरज आहे. चहा तोंडात धरायला, 'प', 'ब', 'म' नीट म्हणायला ओठ हुकमावरच मिटावे लागतात, तिथे विनोद उपयोगाचा नाही. पण आरशापुढचा व्यायाम बदलला. जोर लावला की चांगली बाजूच जास्त ओढते, म्हणून आता थोडंसंच, सावकाश, डाव्या कोपऱ्याला बोटाचा आधार देऊन. कंडक्टरांनी येत राहायला हरकत नाही, ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही एवढंच.

मुलाने तिथेच बसून ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. पाच मिनिटांत आत्याचा फोन. स्पीकरवर होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"ते समदं खरं असंल बाबा. पण तुझ्या आईबापाच्या लग्नाच्या आल्बमात दादा एका फोटोत हसलेला न्हाई. तवा कुठली शीर गेलती, ते बी इचार मॅडमला."