मुठेल मे महिन्यातही घट्ट कसं?

दर मे महिन्यात मुंबईहून गावी आलेलं कोणी ना कोणी हे विचारतंच. फडताळातलं खोबरेल पाण्यासारखं पातळ झालेलं असतं आणि शेजारी कोकमतेलाचा गोळा, आमच्याकडचं मुठेल, टणक तो टणकच. "सर, दोन्ही तेलंच ना?"

तेलातल्या मेदाम्लांच्या, म्हणजे कार्बनांच्या लांब साखळ्यांच्या, दोन जाती: कार्बनांमधले सगळे बंध एकेरी ती संपृक्त, एखादा दुहेरी ती असंपृक्त. वर्गात मी २५ वर्षं सांगत आलो की संपृक्त ते घट्ट, असंपृक्त ते पातळ. ही जोडी मला खोटं पाडते. खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेदाम्लं, तरी ते २४ अंशांना वितळतं. मुठेलात ओलेइक हे असंपृक्त आम्ल तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, तरी मुठेल ४० अंशांच्या आसपासपर्यंत घट्ट राहतं.

खोबरेलाचं कोडं सोपं. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे १२ कार्बनांची आखूड साखळी. साखळ्या एकमेकींना धरतात ते इलेक्ट्रॉनांच्या ढगांतल्या किंचित ओढीने. साखळी आखूड, तर ओढही कमी. मुठेलातलं संपृक्त आम्ल, स्टिअरिक, १८ कार्बनांचं.

खरी गंमत ओलेइकची. तेही १८ कार्बनांचंच, पण मधोमध एक दुहेरी बंध. एकेरी बंधाभोवती साखळी हवी तशी फिरते. दुहेरी बंधातली दुसरी इलेक्ट्रॉनजोडी मात्र वर आणि खाली पसरलेली असते, पीळ दिला तर ती जोडीच तुटेल. म्हणून तिथे आलेला बाक कायमचा, विळ्यासारखा. स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं, ओलेइक १३-१४ ला. आणि ओलेइकचंच भावंड, दुहेरी बंध तिथेच पण साखळी जवळपास सरळ, ते इलायडिक? ४५ ला! अणू तितकेच, वजन तेच. हे फळ्यावर लिहिलं की मागच्या रांगेतलेही मान वर करतात.

मग एवढं वाकडं ओलेइक पोटात असून मुठेल घट्ट कसं? तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉल नावाच्या छोट्या रेणूला टांगलेली तीन मेदाम्लं; ग्लिसरॉलला तीन खुंट्या. मुठेलाच्या बहुतेक रेणूंत दोन्ही कडांच्या खुंट्यांवर स्टिअरिक आणि ओलेइक मधल्या खुंटीवर. डावं-उजवं सारखं. असे एका साच्यातले रेणू जांभ्याच्या चिऱ्यांसारखे थरावर थर बसतात. खोबरेलातल्या साखळ्या लहानमोठ्या, त्यांचा ओबडधोबड दगडांचा गडगा होतो, फटी राहायच्याच.

टाचांच्या भेगांत भरायला आजी गोळा आधी दिव्यावर धरायची. नुसता चोळून तो पाझरत नाही. अंगाची ऊब ३७ अंश, आणि टाच त्याहून गार.