सरांनी उघडलेला तिसरा अध्याय

शताब्दी स्मरणिकेसाठी लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा कशावर लिहायचे याचा मला विचार करावा लागला नाही. इमारत, बोर्डिंग, मैदान, स्नेहसंमेलने यांविषयी माझे सोबती माझ्याहून चांगले लिहितील. मला लिहायचे आहे ते नववीच्या वर्गातल्या बायबलच्या तासाविषयी आणि तो घेणाऱ्या सरांविषयी. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण आपल्या शाळेत नुसते ‘सर’ म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच व्यक्ती उभी राहते.

सर भूगोलही शिकवत, त्यामुळे बायबलच्या तासालाही कापडी नकाशा फळ्यावर असायचाच. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ साली मुंबईत सुरू झाले, हे आम्हाला पाठ होते. सर मात्र त्याच्या आदल्या वर्षापासून सुरुवात करीत. फेब्रुवारी १८१२ मध्ये मिशनरी सॅम्युअल न्यूएल आणि त्यांची अठरा वर्षांची पत्नी हॅरिएट अमेरिकेतील सेलम बंदरातून हिंदुस्थानाकडे निघाली. कलकत्त्यास पोहोचताच ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू देण्यास नकार दिला, म्हणून ऑगस्टमध्ये ती मॉरिशसला जाणाऱ्या जहाजावर चढली. जहाजाला गळती लागली, ते आंध्रातल्या कोरिंगाच्या किनाऱ्याला लावावे लागले, आणि तेथून पुन्हा निघाल्यावर ऑक्टोबरमध्ये भर समुद्रात हॅरिएटला मुलगी झाली. वादळ आणि पाऊस यांत ते लेकरू गारठले आणि पाच दिवसांत गेले. त्याला समुद्रातच मूठमाती मिळाली. पुढे ३० नोव्हेंबरला हॅरिएटही मॉरिशसच्या पोर्ट लुईस येथे क्षयाने वारली. तिला नुकतेच एकोणीस पूर्ण झाले होते.

हॅरिएटचे चरित्र पुढे अमेरिकेत घरोघरी वाचले गेले आणि तिच्या उदाहरणाने कितीतरी तरुण मिशनच्या कामाकडे वळले, हे सर आदराने सांगत. पण ते तिथे थांबत नसत. नकाशावर हिंदी महासागराच्या ज्या भागात एकही नाव छापलेले नव्हते, तिथे ते बोट ठेवत आणि म्हणत, “मुलांनो, हॅरिएटच्या या लेकीला विसरू नका. हिने कोणतीही सेवा केली नाही, कोणतीही साक्ष दिली नाही. तरी ती देवाची होती.”

त्याच वर्षी पावसाळ्यात सरांची बालवाडीत जाणारी धाकटी मुलगी तापाने गेली. दफनाच्या वेळी वडीलधाऱ्यांपैकी कोणी तरी बायबलमधल्या, सारी मुले गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला. परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, हे त्यातले वचन आम्ही बोर्डिंगची मुले रांगेत उभी राहून ऐकत होतो. सर शाळेत परतले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचे वरचे बटण चुकीच्या काजात अडकले होते आणि ते दिवसभर तसेच राहिले. आमच्या वर्गात आल्यावर त्यांनी हजेरी घेतली आणि ईयोबाचाच तिसरा अध्याय उघडायला सांगितला. ज्या दिवशी मी जन्मलो तो दिवस नाहीसा होवो, असा आकांत करणारा ईयोब त्या अध्यायात आहे. सर म्हणाले, “लोक पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटतात. हाही त्याच माणसाचा आवाज आहे, आणि देवाने तो आपल्या पुस्तकातून काढून टाकलेला नाही.” मग त्यांनी तो अध्याय स्वतः वाचला, एकदाही न थांबता.

सरांच्या पत्नी, आपल्या प्राथमिकच्या बाई, त्यानंतर बराच काळ चर्चला आल्या नाहीत. कुजबुज झाली, समजूत घालायला माणसे घरी गेली. सर एकटेच येत, बाईंची जागा मोकळी ठेवून बसत आणि त्यांच्या विश्वासाविषयी कोणी शब्द काढलेला चालवून घेत नसत. मिशनरी विल्यम केरीची गोष्ट त्यांनी आम्हाला त्याच सुमारास सांगितली. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे केरी आपल्याला ठाऊक असतात. पण १७९४ मध्ये बंगालमधल्या मदनाबाटी येथे त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि पत्नी डोरोथी यांचे मन त्यानंतर कधीच सावरले नाही, १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही, हे क्वचितच कोणी सांगते. केरी लिहीत राहिले आणि डोरोथी खचून गेल्या. यावरून कोणाचा विश्वास मोठा हे ठरवायला माणसाने बसू नये, असे सरांनी फार कठोर आवाजात बजावले होते. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नसे.

मी ख्रिस्ती नाही. आज बालरोगतज्ज्ञ म्हणून नवजात अर्भकांच्या कक्षाचे काम पाहतो. कमी दिवसांची, कमी वजनाची कितीतरी बाळे आता वाचतात याचा मला अभिमान आहे. परंतु जी वाचत नाहीत, त्यांच्या आईबापांसमोर मलाच जाऊन उभे राहावे लागते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द त्या घटकेला माझ्या तोंडून बाहेर पडत नाहीत, कारण ते म्हणायचा अधिकार ज्याचे लेकरू गेले त्याचा आहे, हे मी सरांपाशी शिकलो. मी बाळाचे नाव ठेवले होते का, असे विचारतो आणि ठेवले असेल तर त्याच नावाने बोलतो. दोन दिवसांचे होते, एवढे काय, असे नातेवाईक म्हणू लागले की मला सरांचे ते बोट आठवते.

आता वेळापत्रकात तो तास उरलेला नाही आणि कापडी नकाशेही गेले, असे कळले. स्पर्धा परीक्षांच्या दिवसांत एवढा वेळ कोठून काढायचा, ही शिक्षकांची अडचण मी समजू शकतो, तरीही मला त्याचे फार वाईट वाटते. मृत्यूविषयी मोठ्या माणसाने आमच्याशी खरे बोलावे, असा दुसरा तास माझ्या साऱ्या शिक्षणात झाला नाही, वैद्यकीय महाविद्यालयातही नाही.

सर आता नाहीत. बाई पुढे आपणहून पुन्हा चर्चला जाऊ लागल्या आणि आता नातवंडांजवळ राहतात. मागे भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझ्या कक्षातल्या बाळांची बराच वेळ चौकशी केली. शताब्दीच्या मुख्य समारंभात सरांचा सत्कार बाईंच्या हाती द्यावा, अशी समितीला माझी नम्र विनंती आहे. त्यांना घेऊन येण्याची आणि घरी पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो.